कणगीत ठेवलेलं घड्याळ

मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शनिवार. हीट गन, नग एक. रुपये एक हजार सहाशे पन्नास, रोख. हजर: मी, दत्ता आणि दुकानदार.

एवढा मजकूर एका पुठ्ठ्याच्या खोक्याच्या झाकणावर, आतल्या बाजूने, निळ्या शाईत लिहिलेला आहे. अक्षर माझंच. घरात आलेल्या प्रत्येक वस्तूवर मी तिथी, किंमत आणि सोबत कोण होतं ते लिहून ठेवतो. बायको याला रोग म्हणते. साल मात्र लिहायचं राहिलं आहे, आणि माझ्याकडून असं सहसा होत नाही. त्या दिवशी मन ठिकाणावर नसणार.

गेल्या महिन्यात महाडच्या घराचा पोटमाळा आवरताना हे खोकं तिच्या हाती लागलं. "हे भंगारात टाकू का?" तिने वरूनच विचारलं. मी खोकं खाली घेतलं आणि उघडलं. गरम हवा फेकणाऱ्या त्या गनच्या तोंडाची पत्र्याची नळी निळी-जांभळी पडली होती. एका कडेला काळा, वितळून घट्ट झालेला प्लास्टिकचा थेंब होता. नाक जवळ नेलं तर राळेचा वास आला, देवळात धूप विझल्यावर येतो तसा. आणि त्याच्या खाली, अगदी तळाशी, नव्या भाताच्या धुळीचा.

"नको," मी म्हटलं, आणि खालच्या पायरीवर तसाच बसून राहिलो.

भात कापून झाल्यावर आमच्या गावी, कापड्याला, गावाखालच्या सलग तीन खाचरांचे बांध फोडत आणि तिथे कबड्डीचं मैदान धरत. आधी धसकटं उपटायची. मग पाणी मारायचं, माती चोपण्याने चोपायची, पुन्हा पाणी, पुन्हा चोपण. शेवटी शेणकाल्याचा हात. चार दिवस गावभर धप्प धप्प आवाज येई, आणि पाचव्या दिवशी जमीन अशी गुळगुळीत होई की अनवाणी चाललं तर तळव्यांना थंड काचेवर चालल्यासारखं वाटे. चुन्याच्या रेषा मी आखायचो. दोरी, दोन खुंट्या आणि टेप घेऊन. तेरा मीटर म्हणजे तेरा मीटर, एक बोट कमी नाही.

मी तेव्हा महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या पॅकिंग खात्यात होतो. आठवडाभर पाळ्या करायच्या. अंगाला, डब्याला, एसटीच्या सीटलाही औषधांचा कडवट वास चिकटलेला असायचा. शनिवारी पोलादपूरला उतरून कापड्याच्या वाटेला लागलो की पहिल्या वळणावर तो सुटायचा, आणि झोडलेल्या पेंढ्याचा वास सुरू व्हायचा. स्पर्धेत मी खेळत नसे. माझी जागा टेबलाशी. शिट्टी वाजली की घड्याळ चालू, शिट्टी वाजली की बंद. चढाईला तीस सेकंदांचा नियम तेव्हा नुकताच गावच्या मैदानांपर्यंत पोचला होता. त्याआधी दम सुटला की चढाई सुटायची. आता ती माझ्या मुठीतल्या स्टॉपवॉचवर सुटू लागली.

आणि तिथेच ते घडलं. अंतिम सामना, कापडे विरुद्ध पोलादपूर. शेवटची चढाई आमच्या सुरेशची. तो पकडीतून निसटून मध्यरेषेवर पडला आणि मी बटण दाबलं. घड्याळात एकोणतीस आणि काही भाग. कापडे जिंकलं. पोलादपूरचा कप्तान काशिनाथ टेबलाशी आला. आडदांड गडी, पण आवाज कधी चढवला नाही त्याने.

"टाइमवाले, घड्याळ तुमच्या मुठीत. म्हणजे निकालपण तुमच्याच मुठीत," एवढंच म्हणाला आणि संघाला घेऊन चालता झाला.

ते मी सोसलं असतं. पण नंतर आमच्याच गावातले चौघे-पाच जण येऊन पाठीवर थाप मारून गेले. "चार सेकंद बरी दिलीस रं. गावचा माणूस म्हणतात तो असा." त्यांच्या लेखी ती शाबासकी होती. त्या रात्री जेवण गेलं नाही. कारण खरं सांगायचं तर मलाच माहीत नव्हतं. मी घड्याळाकडे बघत होतो की सुरेशकडे? बटणावरचा अंगठा वेळेवर दाबला गेला की जरा थांबला? आयुष्यात एक रुपयाची चूक न काढू दिलेला माणूस मी, आणि माझ्याच अंगठ्याबद्दल मला शपथ घेता येईना.

दत्ताने त्यावर उपाय काढला. दत्ता माझ्या बरोबरीचा, गावचाच. पोलादपूरच्या स्टँडाजवळ त्याचं टीव्ही, रेडिओ, मोबाइल दुरुस्तीचं टपरीवजा दुकान होतं. त्याने उन्हाळ्यात प्लायवुडच्या पेटीत लाल दिव्यांचे दोन आकडे बसवले, एकेक हातभर उंच. मागे तळहाताएवढा सर्किट बोर्ड, बोर्डावर एक चिप. बटण दाबलं की तीसपासून उलटी मोजणी, शून्याला भोंगा. त्याने मुंबईतल्या ओळखीच्याकडून अशा तीन चिपा मोजणीचा प्रोग्राम भरून आणल्या होत्या, एक लावायला, दोन जादा. आम्ही काशिनाथला दुकानात बोलावून ते दाखवलं. तो बराच वेळ आकडे उतरताना बघत राहिला.

"ह्ये मैदानावर टांगलेलं असंल तर येतू," तो म्हणाला. "ह्ये नसंल तर आमी नाय. आनि का नाय आलो त्ये समद्यांना सांगू."

म्हणजे घड्याळ चाललं तर मी खरा. नाही चाललं तर तालुकाभर खोटा.

आता जी चूक झाली ती आमच्याकडेच होऊ शकते. कापड्यात जपायची वस्तू कणगीत ठेवतात. बांबूची विणलेली, शेणाने सारवलेली ती पुरुषभर उंचीची भाताची कोठी. तिच्या पोटात आंबे पिकायला घालतात, जमिनीचे कागद डब्यात घालून खुपसतात, मुलीच्या लग्नाची साडीसुद्धा ठेवतात. उंदीर सहसा खोलवर जात नाहीत आणि भात ओल ओढून घेतो, अशी पिढ्यांची खात्री. पावसाळाभर बोर्ड दत्ताच्या घरी भिंतीला टांगलेला होता. सुगीत उंदीर वाढले तेव्हा सुनंदावहिनींनी, म्हणजे दत्ताच्या बायकोने, तो बोर्ड आणि दोन जादा चिपा एका पिशवीत घातल्या आणि नव्या भाताबरोबर कणगीत सोडल्या. मायेनेच. पण जुना भात ओल ओढतो. नवा भात ओल सोडतो. नव्या भाताच्या कणगीत कोपरापर्यंत हात घातला तर आत ऊब लागते, दमट, गुरांच्या श्वासासारखी. त्या उबेत घड्याळ महिनाभर राहिलं.

स्पर्धेला दहा दिवस होते तेव्हा बाहेर काढून जोडलं. आठाचा तीन झाला होता, सहाचा नुसताच बांगडीचा तुकडा. चिपेच्या पायांशी हिरवट बुरशी धरली होती.

"चाळीस पाय हायत," दत्ता भिंगातून बघत म्हणाला. "सगळे एका टायमाला सुटले पायजेत, तर ही निघंल. डाग द्यायच्या कावियानं एक सोडवला तर दुसरा धरतो. मुंबईला गरम हवेची मशीन असते त्यासाठी."

मी म्हटलं, "गरम हवा आमच्याकडे आहे. बाटलीच्या झाकणावर प्लास्टिक आवळायला आम्ही रोज मारतो."

"ती बाटलीसाठी हाय, हिशोबनीस. ह्यो बोर्ड हाय."

"हवा ती हवाच."

हे वाक्य मी बोललो. त्याची किंमत पुढे लागली. कारखान्यातली गन बाहेर काढणं मला पटणारं नव्हतं, म्हणून शनिवारी आम्ही दोघांनी महाडच्या बाजारातून नवी घेतली. तीच ही.

पहिला प्रयोग रविवारी सकाळी, दत्ताच्या पडवीत. गनला दोन टप्पे होते, तीनशे अंश आणि पाचशे. कारखान्यात आम्ही पाचशेवर वापरायचो. मी पाचशेवर ठेवली. हवेचा पहिला झोत लागला आणि चिपेच्या शेजारचे तिळाएवढे भाग, सहा का सात, जमिनीवर उडाले. दत्ता ओरडायच्या आत तारा खोचायच्या खोबणीचं प्लास्टिक पाघळून गनच्या तोंडाला चिकटलं. मग बोर्डावरचा रुपयाएवढा सेल, जो काढून ठेवायचं आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं, फटाक्यासारखा फुटला आणि दत्ताच्या कानाजवळून जाऊन मागच्या हंड्यावर आदळला. बोटभर बाजूने गेला असता तर डोळा गेला असता. मी घाबरून गन खाली ठेवली ती नळीकडून धरून. डाव्या तर्जनीवर तो डाग अजून आहे, पेराच्या बरोबर मधोमध.

पडवीभर पिवळट धूर झाला. घशाला मिरची लागल्यासारखं झालं. आम्ही दोघे ढोपरांवर बसून सारवलेल्या जमिनीत ते तीळ शोधत होतो. एक समोर दिसत असतानाच कोंबडीने टिपला.

"आता तिच्या अंड्यातून भोंगा वाजंल," आतून वहिनी म्हणाल्या.

बोटाला राख लावली, आणि दोन दिवस आम्ही गनला हात लावला नाही. चिप करपली होती. उरल्या दोन.

मी वही काढली. हातून चूक झाली की मी वही काढतो. किती अंश, किती बोटं लांब, किती सेकंद, काय झालं. दत्ताने नवी खोबण आणि नवा सेल आणला, उडालेले भाग जुन्या रेडिओतून काढून जोडले. बुधवारी मी पाळी बदलून घेतली. या वेळी सेल बाजूलाच ठेवला. गन तीनशेवर. शेजारच्या भागांवर गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पट्टी कापून झाकली. अंगणात बसलो, वारा पाठीशी घेऊन, तोंडाला ओला रुमाल. गन दत्ताच्या हातात, आणि मी सेकंद मोजत होतो. एक, दोन, तीन. वीतभर अंतर. जुनी चिप चिमट्याने अलगद उचलली गेली. त्या जागी नवी ठेवली. एक, दोन, तीन. चौतीसला कथील चकाकलं, जणू पाण्यावर ऊन पडलं. आम्ही दोघे हसलो.

आणि टप्प असा आवाज झाला. लहानसा.

वहिनी ओसरीवर सूप घेऊन बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लाही कुनी फोडली?"

चिपेच्या पाठीवर मधोमध फोड आला होता. बोर्डाचाही एक कोपरा पापडासारखा फुगला होता. कथील ओलं होतं तोवर दत्ताने ती चिप उचलली आणि चिमट्यासकट अंगणात फेकली.

"लाहीच ती," वहिनी जवळ येऊन बघत म्हणाल्या. "भावजी, लाही कशानं फुटते? दान्यात पानी असतं म्हनून. ठनठनीत सुका भात वाळूत टाका, करपंल, पन फुटायचा नाय."

आठवड्यातून सहा दिवस मी पुड्यांवर 'ओलाव्यापासून जपा' असं छापलेलं लेबल बघत होतो. आत पाणी आहे हे मला सुचलं नव्हतं.

"मग आता?" दत्ताने विचारलं.

"मग आता सुकवा. मीच घातलंय कनगीत, मीच सुकवते."

चुलीच्या वर कामट्यांची एक जाळी टांगलेली असते. तिच्यावर पावसाळ्यात सुकट, कोकमं, उद्याचं जळण, सगळं मंद आचेवर राहतं. वहिनींनी शेवटची चिप आणि बोर्ड धुतलेल्या धोतराच्या फडक्यात बांधून त्या जाळीवर ठेवला. तीन दिवस, तीन रात्री. चुलीत फक्त निखारे, भडका नाही. भाकरी शेजारणीच्या चुलीवर. मी रोज महाडहून येऊन जाळीखाली हात धरून बघायचो. सोसवेल एवढीच ऊब, त्याहून जास्त नाही. त्या घरातला त्या तीन दिवसांचा वास मला कुठेही ओळखता येईल: राख, सुकट, खोबरं, आणि त्यात कुठेतरी तांब्याचा. वहिनी येता-जाता फडक्याला बोट लावून बघायच्या, तान्ह्या मुलाच्या कपाळाला लावावं तसं.

शनिवारी सकाळी शेवटचा प्रयोग. उद्या अंतिम सामने. काशिनाथचा निरोप दोनदा येऊन गेला होता: "टांगलंय का?"

बोर्ड तसाच थंड घेऊन झोत मारायचा नाही, हे वहीत ठरलं होतं. चुलीच्या उतरत्या निखाऱ्यावर तवा, तव्यावर वाळूचा थर, वाळूवर बोर्ड, बोर्डावर शेवटची चिप. आधी खालून ऊब, मग वरून हवा. गन एका जागी धरायची नाही, जातं फिरवल्यासारखी गोल फिरवायची. जवळच कथलाच्या तारेचा एक तुकडा ठेवला होता. तो विरघळला की चिपेखालचंही विरघळलं असं समजायचं.

"मोज," दत्ता म्हणाला. "मी बघनार नाय कुठं. तू म्हनशील तवा थांबनार."

मी डोळे मिटले आणि मोजायला लागलो. हा क्षण मला आजही पुरा आठवतो. निखाऱ्याची टिकटिक, गनची घरघर, वहिनींच्या बांगड्या थांबलेल्या. आणि माझा आवाज. दहा, अकरा, बारा. दोन दिवस वहीतले आकडे तपासून मी ठरवलं होतं की चाळीसला थांबायचं. एकोणचाळीस म्हणायच्या आत दत्ताने श्वास ओढल्याचं ऐकू आलं, तार विरघळली होती. मी डोळे उघडले नाहीत. चाळीस. "थांब."

गन थांबली. वाळू थंड होईपर्यंत बोर्डाला हात लावायचा नाही, हेही वहीत होतं. अर्धा तास आम्ही तिघे चुलीसमोर बसलो, घरात कुणी गेल्यावर बसतात तसे. मग दत्ताने सेल बसवला, तारा जोडल्या आणि बटण दाबलं.

तीस. एकोणतीस. अठ्ठावीस.

स्वयंपाकघराच्या काळ्या भिंतीवर ते लाल आकडे उतरत होते, अख्खे, एकही कोपरा न तुटलेले. शून्याला भोंगा असा वाजला की गोठ्यातला बैल उठून उभा राहिला. वहिनी पदराने तोंड झाकून हसत होत्या. दत्ता पुन्हा पुन्हा बटण दाबत होता, पाच वेळा, दहा वेळा. मी प्रत्येक वेळी खिशातलं स्टॉपवॉच लावून बघत होतो. दहाही वेळा तीस.

दुसऱ्या दिवशी दुपारी घड्याळ मैदानाच्या कडेच्या बांबूंवर चढलं. लोकांनी येऊन आधी घड्याळच बघितलं. वड्याच्या तेलाचा वास, लाऊडस्पीकरची खरखर, ओल्या मातीवर पडणाऱ्या अंगांचे आवाज, 'कबड्डी कबड्डी' असा न तुटणारा दम, आणि या सगळ्याच्या वर तो लाल आकडा. पोरं चढाईबरोबर मोठ्याने उलटे आकडे म्हणायला लागली, मग बायका, मग सगळेच. दोनशे माणसं एका तालात मोजत होती. मला तेव्हा जो आनंद झाला तो मी पगारवाढीलाही अनुभवला नाही.

अंतिम सामना पुन्हा तोच. उन्हं उतरता उतरता पोलादपूर एका गुणाने पुढे, शेवटची चढाई पुन्हा सुरेशची. त्याने दोघांना शिवलं, वळला, आणि काशिनाथने त्याचा घोटा धरला. सुरेश काशिनाथला ओढत रेषेकडे सरकत होता. चार, तीन, दोन, म्हणत होते सगळे. माझं बोट टेबलावरच्या बटणावर नव्हतंच; मोजणी आपली आपण चालू होती. एक. सुरेशचा हात लांब झाला. शून्य, भोंगा, आणि मग रेषेवर हात पडल्याचा आवाज. त्याच क्रमाने.

पंचांनी वर बघितलं. सगळ्या गावाने वर बघितलं. माझ्याकडे एकाही माणसाने बघितलं नाही.

मग आमच्याच गावचा एक म्हातारा, गेल्या वर्षी माझ्या पाठीवर थाप मारणाऱ्यांतलाच, बांधावरून म्हणाला, "शून्य झालाय रे. मी बघितलाय." सुरेश मातीतून उठला आणि त्याने काशिनाथला हात दिला.

मी टेबलाखालची डावी मूठ उघडली. जुनं स्टॉपवॉचही मी गुपचूप चालू ठेवलं होतं, पंचांच्या शिट्टीला चालू करून, भोंग्याकडे लक्ष न देता, नुसत्या माझ्या अंदाजाने तिसाला बंद करायचं म्हणून. काटा तिसावर होता. गेल्या वर्षीचं काय ते मला कधीच कळणार नाही. पण त्या दिवशी माझा अंगठा खरा होता, आणि ते बघायला मी एकटाच पुरेसा होतो.

आता कापड्याला मैदानावर रबराच्या चटया येतात आणि घड्याळ भाड्याने. दत्ता मुलाकडे पनवेलला असतो. त्या पायरीवर बसून मी त्याला फोन लावला आणि गन सापडल्याचं सांगितलं. "चालू करू नको घरात," तो म्हणाला, "चालू केलीस तर आधी सेल काढ." मग दोघेही बराच वेळ हसलो. वहिनी मागून विचारत होत्या, कोन हाय, कोन हाय.

त्या दिवशी बक्षीस समारंभ अंधार पडायच्या आत उरकला होता. मंडळाच्या खजिनदाराने पाकीट माझ्याकडे दिलं. टेबलावरच्या माणसाने ते द्यायचं अशी आमच्याकडे रीत होती. विजेता संघ पोलादपूर, रोख रुपये पाच हजार एक, कप्तान काशिनाथच्या हाती, माझ्या हातून. मी म्हटलं, मोजून घ्या. त्याने पाकीट तसंच बनियनच्या आत सारलं, न मोजता.